कुंपण नसलेलं शिवार

लॅक्स्टन हे नाव ऐकलंय का तुम्ही? नसेल ऐकलं तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि हे वाचा, कारण मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. इंग्लंडच्या मध्यावर, नॉटिंगहॅमशर परगण्यात, ट्रेंट नदीच्या पश्चिमेला जेमतेम अडीचशे वस्तीचं हे खेडं आहे. उरलेल्या इंग्लंडने दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मोडीत काढलेली शेतीची पद्धत तिथे आजही चालू आहे. पाहुण्यांना दाखवायचा देखावा म्हणून चालू नाही. चांगले ट्रॅक्टर फिरतात, गहू होतो, बाजारात जातो. पण तो गहू कोणत्या शिवारात पेरायचा, हे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. ते अख्ख्या गावाचं आधीच ठरलेलं असतं आणि त्यावर देखरेख करायला गावाचं स्वतःचं न्यायालय आहे. विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात!

माझी भाची नॉटिंगहॅमला असते. तिने गाडी काढली खरी, पण वाटेत दोनदा म्हणाली, ‘‘मावशी, तिथे बघायचं काय? शेतंच तर आहेत.’’ हो, शेतंच आहेत. आणि तीच बघायची आहेत, कारण इंग्लंडमध्ये असली शेतं इतरत्र फारशी दिसत नाहीत. इंग्लंडचा ग्रामीण भाग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे चौकोन येतात आणि प्रत्येक चौकोनाभोवती झुडपांचं दाट कुंपण. नेवार्ककडून येताना रस्ताभर तेच दिसत होतं. लॅक्स्टनची शीव ओलांडली, गावातून पुढे गेलो, एका गवताळ वाटेवर वळलो आणि कुंपणं संपली! समोर नुसती जमीन. हलक्या चढउतारांची, दूरपर्यंत मोकळी, आभाळाला टेकलेली. त्यात लांबच लांब पट्टे, एकमेकांना चिकटलेले, मध्ये ना बांध ना तार. एक पट्टा एकाचा, त्याला लागून दुसऱ्याचा, पुढचा तिसऱ्याचा, आणि परत कुठेतरी लांब पहिल्याचा. मी गाडीतून उतरून वाटेवर तशीच उभी राहिले. भाचीसुद्धा गप्प झाली.

आता ही व्यवस्था समजून घ्या, कारण गंमत सगळी इथे आहे. गावाची पिकाखालची जमीन तीन मोठ्या शिवारांत विभागलेली आहे: साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड. एका वर्षी एका शिवारात सगळ्यांचा गहू, हिवाळ्याच्या तोंडावर पेरलेला. दुसऱ्यात सगळ्यांचं वसंतात पेरायचं पीक. तिसरं शिवार पड. पूर्वी त्यावर गावाची जनावरं चरायची आणि त्यांच्या शेणाने जमिनीला खत मिळायचं, आता तिथे चाऱ्याचं गवतही घेतात. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे सरकतं. तीन वर्षांत फेरा पूर्ण. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शिवारांत विखुरलेले आहेत, म्हणून कुणाच्याही वाट्याला सगळी पडच आली असं होत नाही. आणि चिबड जमीन असो की चांगली निचऱ्याची, उताराची असो की सपाटीची, सगळ्यांना थोडी थोडी मिळते. इथली माती भारी चिकणमाती, पाणी धरणारी. अशा मातीत कुणाचा पट्टा कुठे आहे यावर वर्षाचं पीक ठरतं. एकालाच सगळी खोलगट जागा दिली असती तर तो पहिल्याच पावसाळी हंगामात बुडाला असता. वाटणीच्या या पद्धतीमागची नेमकी कारणं कोणती यावर इतिहासकार वाद घालतात, पण त्या वाटेवर उभं राहून डावीकडची ओली घळ आणि उजवीकडचा कोरडा माथा एका नजरेत पाहिला, की मला तरी दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही.

भाचीने पायांनी मोजून पाहायला सुरुवात केली तेव्हा मला एक गोष्ट आठवली आणि मी अक्षरशः ओरडलेच. जुन्या काळचा एक एकर म्हणजे २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टा. बैलांच्या औताने एका दिवसात नांगरून होईल इतकी जमीन असा त्याचा हिशोब. हाच एकर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत आणला आणि त्याचे चाळीस गुंठे धरले. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. आता २२ यार्ड म्हणजे किती? ६६ फूट. म्हणजे हा पट्टा बरोबर दोन गुंठे रुंद आणि वीस गुंठे लांब! दोन विसे चाळीस. आपल्याकडे गुंठ्यांवरून कोर्टकचेऱ्या होतात, भाऊ भावाचं तोंड पाहत नाही, त्या गुंठ्याच्या चारपट एकरामागे असल्याच चिकणमातीत औतामागून चालणाऱ्या माणसांचा दिवस आहे... चारपट कुठली, चाळीसपट! बघा, आनंदात हिशोबही धड सुचत नाही. लॅक्स्टनचे आजचे पट्टे या जुन्या मापापेक्षा बरेच मोठे आहेत, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदाराने लहान पट्टे एकत्र करून सोयीचे केले. पण त्यांची लांबट ठेवण तीच राहिली.

शिवारात शिरल्यावर पट्ट्यांच्या मधूनमधून सखल जागी गवताचे वेडेवाकडे तुकडे दिसतात. त्यांना इथे साइक म्हणतात. फार ओली किंवा फार उताराची, नांगर न चालणारी ही जागा. ती कधीच नांगरली गेली नाही, म्हणून त्या गवतात रानफुलांचं केवढं वैभव टिकलंय! आम्ही गेलो ते जूनचे दिवस होते. एका साइकच्या काठावर मी गुडघे टेकून बसले. गवत कमरेएवढं वाढलेलं, त्यात जांभळी गोंडेदार फुलं, खाली पिवळ्या फुलांचे झुपके, आणि तळाशी ओलसर मातीचा वास. हाताने गवत बाजूला केलं तर खाली आणखी बारीक पानांचा एक थर, त्याच्याखाली आणखी एक. आणि अवघ्या चार पावलांवर गव्हाचा पट्टा, एकसारखा, एकाच उंचीचा. शेकडो वर्षं नांगर लागलेली आणि कधीच न लागलेली जमीन अशी खांद्याला खांदा लावून उभी आहे. या साइकना सरकारने खास संरक्षण दिलेलं आहे. पण त्यांचं गवत गावाचं आहे: उन्हाळ्यात त्याचा लिलाव होतो आणि गावात हक्क असलेले लोक ते वैरणीसाठी घेतात. फुलं टिकली ती या कापणीमुळेच, कारण दरवर्षी फुलांचं बी पडून गेल्यावर गवत कापलं की दांडग्या गवताला बाकीच्यांवर कुरघोडी करता येत नाही.

मग गाव पाहिलं, आणि शिवार आधी पाहिल्यामुळे गाव वाचता आलं. लाल विटांची घरं, कौलारू छपरं, आणि सगळी शेतकऱ्यांची घरं गावातल्या रस्त्यालाच लागून. कित्येक घरांची बाजूची भिंत रस्त्याकडे, मागे कोठार, गोठा आणि लांब निमुळतं परसू. इंग्लंडात इतरत्र शेतकरी आपल्या जमिनीच्या मधोमध घर बांधून एकटा राहतो, गाव वेगळं आणि शेतघर वेगळं. इथे ते शक्यच नाही! जमीनच तीन दिशांना विखुरलेली, मग घर बांधायचं कुठे? म्हणून सगळे गावात. वस्ती एकवटलेली आणि शिवार मोकळं, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. रस्त्याकडेला भिंतीने घेरलेला एक लहानसा कोंडवाडा आहे, मोकाट सुटलेली जनावरं कोंडायचा. कुंपण नसलेल्या गावात कोंडवाडा किती गरजेचा असेल, विचार करा. एक गाय सुटली तर साऱ्या गावाचा गहू तिच्या तोंडाशी.

आणि आता न्यायालय. याच्यासाठी तर मी आले होते.

त्याचं नाव कोर्ट लीट. मध्ययुगातल्या जमीनदारी गावांची ही न्यायसभा. एके काळी अशा सभा इंग्लंडभर असायच्या. पुढे त्या बंद पडल्या किंवा नुसत्या समारंभापुरत्या उरल्या, आणि १९७७च्या एका कायद्याने त्यांचे उरलेसुरले अधिकारही काढून घेतले. एकीचे सोडून. लॅक्स्टनचे! तिथे न्यायसभेला खरोखरीचे अधिकार आहेत, कारण तिच्यापुढे खरोखरीचं काम आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस, गव्हाची पेरणी आटोपली की ज्युरी शिवारफेरीला निघते. ज्युरी म्हणजे गावातलेच शेतकरी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नुकत्याच पेरलेल्या शिवारात जायचं आणि एकेक पट्टा पायाखाली घालायचा. कुणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर घुसवलाय का? कुणी गवताळ वाटेचा हातभर तुकडा नांगरून आपल्यात ओढलाय का? कुणी चर बुजवलाय का? हद्द पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंट्या ठोकायच्या. मग सगळ्या कागाळ्या कागदावर मांडायच्या, आणि आठवडाभराने गावातल्या डव्हकोट इन या खानावळीत न्यायसभा भरते. जमीनदाराच्या वतीने कारभारी बसतो, दंड ठरतात, पुढच्या वर्षाच्या ज्युरीला शपथ दिली जाते. दंडाची रक्कम फार मोठी नसते. पण सगळ्या गावासमोर, ओळखीच्या माणसांपुढे, ‘याने वाट नांगरली’ असं नाव घेऊन सांगितलं जातं, त्याचं वजन पैशांपेक्षा कितीतरी जास्त.

मला यातली सगळ्यात भावलेली गोष्ट अशी की तपासणाराही शेतकरी आणि ज्याला दंड होतो तोही शेतकरी. आज ज्याने खुंटी ठोकली, त्याच्याच पट्ट्यापाशी पुढच्या वर्षी दुसरा कुणी खुंटी घेऊन उभा राहणार. शिवाराच्या एका कडेला, गवतात अर्धी बुडालेली अशी एक खुंटी मला दिसली. साधीच, मनगटाएवढी, डोक्यावर हातोड्याच्या घावांनी पिंजारलेली. तिच्या एका बाजूचा गहू आणि दुसऱ्या बाजूचा गहू यांत मला काडीचाही फरक दिसेना. पण दोन घरांचं वर्ष तिथे वेगळं होत होतं, आणि ज्युरीने तिथे उभं राहून होकार दिला होता.

हे सगळं इथेच कसं राहिलं? बाकीच्या इंग्लंडमध्ये शिवारं मोडली गेली ती जमिनींना कुंपण घालण्याच्या कायद्यांनी. १६०४ पासून १९१४ पर्यंत संसदेने असे ५,२०० हून जास्त कायदे केले आणि त्यांनी ६८ लाख एकर जमिनीचा नकाशा पालटला. सामायिक कुरणं गेली, पट्टे जोडून सलग चौकोन झाले, ज्यांच्याजवळ दोन गाई आणि चरायचा हक्क एवढंच होतं त्यांचं सगळंच गेलं. लॅक्स्टनची जमीन मुख्यतः दोन बड्या उमरावांकडे वाटली गेली होती, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. त्यांचं आपसांत जमलं नाही आणि कुंपणाचं काम रेंगाळत राहिलं, असं सांगतात. पुढे शेतीला मंदीचे दिवस आले आणि एवढा खर्च करावा असं कुणाला वाटेना. मग १९३८ साली ऑक्सफर्डचे कृषी-अर्थतज्ज्ञ ऑर्विन आणि त्यांच्या पत्नीने लॅक्स्टनवर ‘द ओपन फील्ड्स’ हा ग्रंथ लिहिला आणि विद्वानांचं लक्ष इकडे वळलं. १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्सच्या घराण्याने गाव विकायला काढलं तेव्हा सरकारच्या कृषी खात्याने ते विकत घेतलं. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये मॅनव्हर्सच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटने परत घेतलं. मालक बदलत गेले. ज्युरी शिवारफेरीला जात राहिली. दोन उमरावांच्या बेबनावाचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात!

गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या गढीचा मातीचा मोठा उंचवटा आहे, माथ्यावर पुन्हा एक छोटी टेकडी असलेला. शेरवुडच्या राजअरण्याचे रखवालदार असलेले सरदार इथे राहायचे. हो, तेच रॉबिनहुडचं शेरवुड. त्याच घराण्यातल्या एका स्त्रीची ओक लाकडात कोरलेली पहुडलेली मूर्ती गावच्या सेंट मायकेल चर्चमध्ये आहे, सगळ्या परगण्यात लाकडाची अशी मध्ययुगीन मूर्ती दुसरी नाही. सातशे वर्षांच्या लाकडात झग्याच्या चुण्या अजून हाताला कळतील इतक्या स्पष्ट आहेत. आणि याच लहानशा गावाच्या हद्दीत ब्रिटनचं नॅशनल होलोकॉस्ट सेंटर आहे, १९९५ मध्ये सुरू झालेलं, ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणारं. तिथल्या गुलाबबागेत झाडाझाडापाशी गेलेल्यांची नावं आहेत. त्याच्याविषयी असं जाता जाता लिहिणं मला जमणार नाही, ते स्वतंत्र लिहीन.

पण नकाशाचं सांगितल्याशिवाय मात्र थांबवत नाही. १६३५ साली मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्स्टनचा एक भला मोठा नकाशा काढला. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मी त्याची छापील नक्कल पाहिली आणि तासभर तिच्यावरून नजर हटेना. दोन हजारांहून जास्त पट्टे, एकेक वेगळा आखलेला, आणि मध्ये मध्ये चिमुकली माणसं! कुणी नांगरतंय, कुणी कापणी करतंय, कुणी घोड्यावरून शिकारीला निघालंय. गढीच्या जागेवर तेव्हाचा वाडा आहे. गवताळ वाटा आहेत, साइक आहेत, आणि मी ज्या वाटेवर उभी होते तिच्यासारख्या वाटांची वळणं आजही तशीच आहेत. सोबत एक जाडजूड नोंदवहीही केली होती, कुणाचा पट्टा कुठे आणि केवढा याची.

हे काम कुणी करून घेतलं? त्या वेळी गावाचा मालक असलेल्या सर विल्यम कोर्टन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने. हे नाव वाचलं आणि मी खुर्चीतून उठले! कारण हाच तो कोर्टन, ज्याने ईस्ट इंडिया कंपनीला टक्कर द्यायला स्वतःचं व्यापारी मंडळ उभं केलं आणि राजा पहिल्या चार्ल्सकडून परवाना मिळवला. १६३६ साली जॉन वेडेलच्या हाताखाली या मंडळाची जहाजं निघाली आणि थेट गोव्याला लागली. पोर्तुगिजांच्या गोव्याला! त्या जहाजांवर पीटर मंडी नावाचा प्रवासी होता, त्याने सफरीचं सविस्तर टिपण ठेवलंय. कोर्टन स्वतः त्याच वर्षी वारला, पण १६३८ मध्ये त्याच्या मंडळाने कारवारला मिऱ्यांच्या व्यापारासाठी वखार घातली. म्हणजे एकाच माणसाच्या पैशातून, वर्षभराच्या अंतराने, लॅक्स्टनच्या पट्ट्यांची मोजणी झाली आणि कोकण किनाऱ्यावर जहाजं आली. मिरीच्या हिशोबाचे कागद आणि गव्हाच्या पट्ट्यांची नोंदवही एकाच पेढीवर शेजारी शेजारी पडलेली असतील का?

गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज दप्तरात काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे: १६३६-३७ च्या कागदांत वेडेलच्या जहाजांविषयी जे काही सापडेल ते मराठीत आणा. लॅक्स्टनच्या बाजूचं मी वाचायला घेतलंच आहे, आणि नोव्हेंबरात ज्युरी निघेल तेव्हा गव्हाच्या शिवारात मी हजर असणार. या वेळी भाचीने आपणहून रजा टाकली आहे.